लेआउटमध्ये स्मार्ट सिस्टम बसवताय? मग या चुका टाळा

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, पारा ४५ च्या वर, आणि आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, आतल्या रस्त्यांवरचे २६ च्या २६ खांब संध्याकाळी अंधारात. लाईट आपोआप लावणारा नवीन कंट्रोलर बसवून चारच दिवस झाले होते. इलेक्ट्रिशियन दादाने एका खांबाचा एलईडी ड्रायव्हर बदलून पाहिला, मग पॅनलपासूनची केबल तपासली, मग अर्थिंग, काहीच सापडेना, हाताने स्विच दाबला की लाईट लागायचे आणि ऑटोवर टाकले की बंद, लोक मोबाईलचा टॉर्च घेऊन फिरून राहिले होते, आणि शेजारच्या काकू नालीच्या कडेला पाय घसरून पडल्या तेव्हा मला राहवलं नाही. रात्री अकराला लॅपटॉप घेऊन पॅनलपाशी जाऊन बसलो.

हा कंट्रोलर सूर्यास्तावर चालणारा. जागेचे अक्षांश-रेखांश दिले की रोजची मावळतीची वेळ तो स्वतःच काढतो. पद्धत चांगलीच आहे, कारण आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सात वाजतात, साधा टायमर लावला तर वर्षभर कुणीतरी वेळ बदलत बसावं लागतं. आता नागपूर आहे साधारण २१.१५ उत्तर आणि ७९.०९ पूर्व. कंट्रोलरमध्ये अक्षांशाच्या रकान्यात ७९.०९ भरलेलं होतं आणि रेखांशाच्या रकान्यात २१.१५. ही जागा नकाशावर टाकून पाहा, पार नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांपाशी निघते, आणि तिथे मे महिन्यात सूर्य चोवीस तास मावळतच नाही. म्हणजे कंट्रोलरच्या हिशोबाने आमच्या लेआउटमध्ये रात्र होतच नव्हती! दोन आकडे अदलाबदल केले, सेव्ह केलं, आणि खांब एकामागून एक लागत गेले.

हे कोणाच्याही हातून होऊ शकतं म्हणून नीट सांगतो. मशीन एरर का देत नाही? कारण अक्षांश ९० पर्यंत चालतो आणि ७९ त्याच्या आतच आहे. मुंबईचा रेखांश ७२ च्या पुढे, पुण्याचा ७३ च्या पुढे, तिथेही हीच चूक बिनबोभाट खपून जाईल. आणि आकडे उलटे होतात कशाने, तर मोबाईलच्या नकाशात अक्षांश आधी येतो, पण सर्व्हेच्या फाईली ज्या जिओजेसन नावाच्या खुल्या फॉरमॅटमध्ये असतात त्यात रेखांश आधी, तसा नियमच आहे, २०१६ च्या मानकात लेखी आहे. एकाने फाईल बनवली, दुसऱ्याने हाताने कॉपी केली, आणि झालं. त्यामुळे पहिल्या खांबाचे आकडे भरले की लगेच नकाशावर टाकून बघा, आपल्या गल्लीतच पिन पडते का ते. एक मिनिटाचं काम आहे. आम्ही चार रात्री घालवल्या.

ॲप मिळालं म्हणजे सिस्टम आपली झाली असं समजू नका

लाईटचा घोळ एका रात्रीत सुटला तो एकाच कारणाने, पॅनलचा पासवर्ड आणि मॅन्युअल आमच्याकडे होतं. पाण्याच्या टाकीच्या बाबतीत तसं नव्हतं. टाकीवर लेव्हल सेन्सर बसवला होता, ॲपमध्ये छान निळी टाकी दिसायची, आणि दोन दिवस त्यात ६२ टक्के दिसून राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नाही, वर जाऊन झाकण उघडलं तर टाकी कोरडी ठक्क. सेन्सर केव्हाच बंद पडलेला आणि ॲप शेवटचा आकडाच दाखवत बसलेलं. आता बघायचं कुठे? डेटा कंपनीच्या सर्व्हरवर, पासवर्ड कंपनीकडे, फोन लावला तर आज येतो उद्या येतो, ऐन उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागला. सेन्सरपेक्षा मला राग आला तो या गोष्टीचा की आपल्याच गच्चीवरच्या वस्तूला आपण हात लावू शकत नव्हतो.

म्हणून घेतानाच विचारा, भाऊ, हा सेन्सर एमक्यूटीटीवर डेटा देतो का, आणि तो डेटा मी माझ्या कॉम्प्युटरवर घेऊ शकतो का? एमक्यूटीटी म्हणजे सेन्सरचे मेसेज कॉम्प्युटरपर्यंत पोचवायची पद्धत, ती काही नवी भानगड नाही, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला बनवली होती, जिथे सॅटेलाइटचं कनेक्शन महाग आणि तुटक असायचं, नंतर ती खुली झाली आणि २०१६ मध्ये आयएसओचं मानकही झाली. लेआउटच्या कामाला एक छोटा जुना कॉम्प्युटर ब्रोकर म्हणून, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणारा मधला म्हणून, पुरतो. हो म्हणाला तर तिथेच करून दाखवायला सांगा, ब्रोशरवर जाऊ नका.

पण एमक्यूटीटी घेतलं तरी ६२ टक्क्यांची चूक पुन्हा होऊ शकते. त्यात 'रिटेन' नावाची सोय आहे, ब्रोकर शेवटचा मेसेज जपून ठेवतो आणि नवीन कोणी जोडलं की त्याला तोच देतो, मग मेलेल्या सेन्सरचा आकडाही ताजा वाटतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. आकड्यासोबत वेळ पाठवायला लावा, आणि वेळ अर्ध्या तासापेक्षा जुनी असेल तर स्क्रीनवर आकडा लाल झाला पाहिजे. दुसरं 'लास्ट विल', म्हणजे सेन्सर जोडला जातानाच ब्रोकरला सांगून ठेवतो की मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना हा मेसेज दे. फुकटची सोय आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी चालू करून देत नाही. आणि अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात, आकडा उगाच वरखाली उडत असेल तर आधी कापडाने पुसून बघा, मग तक्रार करा.

साडेपाच तासांचा फरक

पंप सकाळी साडेसहाला लावला आणि बरोब्बर दुपारी बाराला सुरू झाला? लाईट साडेसहाला लागायचे ते मध्यरात्री लागले? मग मशीन यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालू आहे, आपली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. बिघाड काहीच नाही. टाइम झोन टाका आणि एनटीपी चालू करा म्हणजे घड्याळ इंटरनेटवरून जुळत राहील. डेटा साठवताना मात्र यूटीसीतच ठेवा किंवा वेळेपुढे +०५:३० लिहा, कॅमेऱ्याची वेळ एक आणि गेटची वेळ दुसरी असेल तर चोरी झाल्यावर काहीच जुळवता येत नाही.

कॅमेरे: 'ऑनव्हिफ सपोर्ट' एवढ्यावर भुलू नका

ऑनव्हिफ २००८ मध्ये सुरू झालं ते याचसाठी की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर चालावा. पण त्यात प्रोफाइल असतात, साध्या व्हिडिओसाठी एस, एच.२६५ वगैरे नव्या व्हिडिओ कॉम्प्रेशनसाठी टी, रेकॉर्डिंगसाठी जी, आणि डब्यावर नुसतं ऑनव्हिफ छापलं असलं तर त्याचा अर्थ फारसा काही नाही. ऑनव्हिफच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तपासता येतं, तेवढं कराच.

जोडताना दोन जागी हमखास अडकतं. एक, पुष्कळ कॅमेऱ्यांमध्ये ऑनव्हिफ आधी बंदच असतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि त्याचा युजर वेगळा बनवावा लागतो, ॲडमिनचा पासवर्ड तिथे चालत नाही. दुसरं जास्त फसवं आहे, पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी लॉगिन होत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळ मिसळलेली असते, रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याच्या घड्याळात फरक पडला की कॅमेरा नाही म्हणतो. लाईट गेल्यावर काही कॅमेरे थेट १९७० सालात जातात, त्यामुळे हे आपल्याकडे वारंवार होतं.

आणि कृपा करून रेकॉर्डर सरळ इंटरनेटवर उघडा टाकू नका. मानक खुलं असणं वेगळं आणि दार उघडं असणं वेगळं, लोक यात गल्लत करतात. एमक्यूटीटीचं १८८३ पोर्ट साधं असतं, त्यात पासवर्डही उघडा जातो, बाहेरून जोडायचं असेल तर ८८८३ वर टीएलएस, म्हणजे डेटा कुलूपबंद करून पाठवायची सोय, लावा. कॅमेऱ्यात येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे आहेत, कामवाल्या मावशींचे, शाळेतल्या पोरांचे, ते कोण बघतं आणि किती दिवस ठेवतो हे कमिटीने लिहून काढलं पाहिजे.

वायरलेस घेताना फ्रिक्वेन्सीचा पट्टा बघा

लोरावॅन म्हणजे कमी विजेत लांब जाणारी वायरलेस पद्धत, तिचे सेन्सर बॅटरीवर काही वर्षं चालतात आणि लांबवर पोचतात, लेआउटला बढिया आहेत. पण ऑनलाइन स्वस्तात दिसले म्हणून मागवले आणि ते युरोपच्या ८६८ किंवा अमेरिकेच्या ९१५ मेगाहर्ट्झचे निघाले तर गेटवेशी, म्हणजे सेन्सरचे सिग्नल घेणाऱ्या डब्याशी, बोलणारच नाहीत. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, डब्यावर किंवा सेटिंगमध्ये आयएन८६५ लिहिलेलं हवं. आणि प्रत्येक सेन्सरची अ‍ॅपकी (त्याची नेटवर्कला जोडायची गुप्त किल्ली) डिलिव्हरीच्या दिवशीच मागून घ्या. ती विक्रेत्याकडेच राहिली तर लोरावॅन कितीही खुलं असो, तुमच्यासाठी ते बंदच.

नागपूरचं ऊन आणि नागपूरचा पाऊस

खांबावरच्या लोखंडी डब्यात दुपारी तीनला मी थर्मामीटर ठेवून पाहिला, ६३ दाखवलं. आत कॅमेऱ्यांच्या केबल जोडणारा जो नेटवर्क स्विच होता तो ५० डिग्रीपर्यंतचाच. दुपारी दोन ते पाच कॅमेरे बंद आणि रात्री आपोआप सुरू, असं होत असेल तर नेटवर्क शोधत बसू नका, डबा सावलीच्या बाजूला फिरवा, पांढरा रंग द्या, आणि पुढचा स्विच ७५ डिग्रीचा इंडस्ट्रियल घ्या. केबल १०० मीटरच्या आतच ठेवा, त्यापुढे फायबर टाका.

पावसाचं म्हणाल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट अंबाझरी, डागा लेआउटकडचे लोक विसरणार नाहीत, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पडला, तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरात शिरलं. जमिनीपासून फूटभर उंचीवर डबे लावणं थांबवा. छातीच्या उंचीवर लावा.

कागदावर काय हवं

स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं, आपल्या नागपूरचं नाव सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, पारडी-भरतवाडा-पुनापूरचा भाग निवडला गेला, आणि ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलंसुद्धा. आता आपापल्या लेआउटची, फ्लॅट स्कीमची खरेदी कमिट्याच करून राहिल्या आहेत, त्यामुळे कोटेशनमध्ये ओळ टाकणं आपल्याच हातात आहे. आम्ही आता लिहितो ते असं: सगळे पासवर्ड आणि किल्ल्या लेआउटच्या नावावर, डेटा सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाईलमध्ये, कधीही काढता आला पाहिजे, मराठी नावं युनिकोडमध्ये (जुन्या डीटीपी फॉन्टमधली खांबांची यादी आमच्याकडे नुसती चिन्हं बनून उघडली होती), गाड्यांचा चार्जर असेल तर ओसीपीपी (चार्जर आणि सर्व्हरच्या बोलण्याचं खुलं मानक) आणि त्यातला सर्व्हरचा पत्ता आपल्याला बदलता येईल असा.

शेवटचे १० टक्के पैसे लगेच देत नाही. आधी विक्रेत्याच्या माणसासमोर इंटरनेटची वायर काढतो, बघतो लाईट आणि पंप चालतात का. मग दुसऱ्याच कोणाचा तरी लॅपटॉप आणून त्यावर टाकीचा आकडा आणि एका कॅमेऱ्याचं चित्र घेतो, त्यांचं ॲप न वापरता. हे झालं की चेक. पासवर्डचा कागद बंद पाकिटात कमिटीच्या कपाटात ठेवतो, आणि सचिव बदलले की पाकीट फोडून सगळे पासवर्ड नवीन करून पुन्हा सील करतो.