दाखला अडकलाय? आधी पोच, मग अपील

दाखला अडकला की बरेच जण थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहितात. ते 'पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा घेऊन फिरत फिरत पुन्हा त्याच टेबलावर येतं, आणि तोवर अपिलाचे दिवस सरलेले असतात. महाराष्ट्रात याहून जवळचा रस्ता आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५.

आपली सेवा या कायद्याखाली अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या यादीत, आहे का, ते आधी पाहा. कार्यालयातल्या फलकावर आणि 'आपले सरकार' पोर्टलवर प्रत्येक सेवेपुढे किती दिवसांत मिळणार, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) कोण, प्रथम अपील कोणाकडे आणि द्वितीय कोणाकडे हे लिहिलेलं असतं. उत्पन्नाच्या दाखल्यापुढे १५ दिवस दिसतील. फलकाचा फोटो काढून ठेवा. अपिलात घालायची पदनामं तिथूनच उतरवायची आहेत.

पुढचं सगळं पोचेवर उभं आहे. पोचेवर अर्ज क्रमांक आणि तारीख हवीच. नुसती शुल्काची पावती पुरत नाही. हाताने अर्ज देत असाल तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' म्हणाले तर अर्ज ठेवू नका. सरळ स्पीड पोस्टाने पाठवा.

खरी गोम त्रुटीत असते. मुदत मोजायची ती सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज दिल्याच्या दिवसापासून. म्हणून चौदाव्या दिवशी 'रेशनकार्डची झेरॉक्स नाही' असं तोंडी ऐकवलं, तर त्रुटी लेखी मागा. कागद दिलात की त्याचीही पोच घ्या. नवा अर्ज मात्र शक्यतो करू नका. जुना अर्ज निकाली निघतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. अर्ज फेटाळायचा असेल तर कारणं लेखी देणं कार्यालयावर बंधनकारक आहे.

मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर त्यानंतर ३० दिवसांत प्रथम अपील करा. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतचं अपीलही दाखल करून घेता येतं, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग. मजकूर चार ओळींचा पुरे:

'अर्ज क्र. … दि. … रोजी सर्व कागदपत्रांसह सादर केला. अधिसूचित मुदत … दिवस. ती दि. … रोजी संपली. सेवा अथवा लेखी नकार, दोन्ही मिळालेले नाहीत. सेवा देण्याचे आदेश व्हावेत.'

सोबत पोचेची झेरॉक्स जोडा. कोण किती उद्धट बोललं ते इथे लिहू नका. अधिकारी त्यालाच उत्तर देत बसतो आणि तारखा बाजूला पडतात.

निकाल ३० दिवसांत यायला हवा. आलेला आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत द्वितीय अपील करता येतं. आदेशच आला नाही तर प्रथम अपील केल्यापासून ४५ दिवस झाल्यावर. तिथेही काम झालं नाही, तर ६० दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रक्कम किरकोळ वाटेल, पण दंडाचा आदेश निघू नये म्हणून हालचाल होते.

फाइल कोणाकडे पडून आहे ते कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'माझ्या अर्जावर विलंब का झाला?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर टाळायला सोपं जातं. 'अर्ज क्र. … कोणत्या तारखेला कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे गेला, त्या नोंदींच्या व टिप्पणीच्या प्रती द्याव्यात' असं मागा.

तुंबलेलं गटार, बंद पथदिवा, उद्धट वागणूक असे विषय अपिलात बसत नसतील तर ते 'आपले सरकार'च्या तक्रार निवारण विभागात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लोकशाही दिनात न्या. लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो; न्यायप्रविष्ट प्रकरणं घेतली जात नाहीत. पोस्ट, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी ही केंद्राची खाती. त्यांच्यासाठी सीपीग्रॅम्स हे केंद्र सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे. तिथली तक्रार काम न होताच 'निकाली' दाखवली तर गप्प बसू नका. ३० दिवसांत त्याच नोंदणी क्रमांकावर अपील करा.