८० पौंडांची ट्रोलिंग मोटर जोडताय? वायरिंगमधल्या या चुका टाळा

ट्रोलिंग मोटर म्हणजे होडीला लावायची छोटी, बॅटरीवरची मोटर; तिचे पौंड म्हणजे वजन नव्हे, ढकलण्याचा जोर. उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या बाजूला, दुपारचा वारा सुटला की ५५ पौंडांची १२ व्होल्टची मोटर होडीला जागेवर धरताना दमते. मग ८० पौंडांची २४ व्होल्टची मोटर येते. जुनी उतरते, नवी चढते, वायर मात्र तीच राहते. नंतरच्या तक्रारी ठरलेल्या: मोटरला जोर नाही, ब्रेकर पडतो, प्लग वितळला. यात मोटरचा दोष क्वचितच असतो.

जुनीच वायर ठेवणं

५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते, ८० पौंडांची ५६ च्या आसपास. व्होल्ट दुप्पट झाल्यामुळे करंट फारसा वाढत नाही. म्हणजे जुनी वायर मुळात योग्य जाडीची असती तर चालली असती. पण बऱ्याच होड्यांत घरच्या फिटिंगची ६ एमएमची वायर ओढलेली सापडते.

हिशेब करून बघा. बॅटरी मागे, मोटर पुढे, अंतर ५ मीटर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून वायर धरायची १० मीटर. ६ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरला साधारण ३.३ मिलिओहम. ५६ अँपिअरला १.८५ व्होल्ट वाटेतच गळतात आणि शंभरएक वॉट नुसते वायर तापवण्यात जातात. १६ एमएमला हीच गळती पाऊण व्होल्टच्या आत राहते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत '१६ एमएम फ्लेक्झिबल, पूर्ण तांब्याची' असं स्पष्ट मागा. स्वस्तातल्या वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि तिचा रोध जवळपास दीडपट. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आत पांढरी निघाली तर परत द्या. उलट, वरून चंदेरी आणि आत लाल म्हणजे कथील चढवलेलं तांबं. पाण्यावर तेच टिकतं, चार पैसे जास्त गेले तरी घ्या.

थिंबल हातोडीने ठोकणं

थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं, बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक. १६ एमएम वायर आणि ८ एमएम बोल्टसाठी थिंबल मागायचं ते '१६-८'. हातोडीने किंवा पक्कडीने दाबलेल्या थिंबलमध्ये तारांच्या मध्ये पोकळी राहते, तिथे ओल शिरते, हिरवट गंज चढतो आणि सांधा तापायला लागतो. हायड्रॉलिक क्रिंपरने षटकोनी दाब द्या. स्वतःकडे क्रिंपर नसेल तर केबल विकणाऱ्याकडूनच टोकं दाबून घ्या. वरून आत सरस असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पुढच्या टोकाला घरगुती १६ अँपिअरचा प्लग नको. ५० अँपिअरच्या वरचा अँडरसन पद्धतीचा कनेक्टर (जास्त करंट पेलणारा डीसी प्लग) लावा.

सिरीजमधला गोंधळ

२४ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडायच्या. पहिल्या बॅटरीचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. पहिल्याचा मोकळा प्लस ब्रेकरमार्गे मोटरला, दुसऱ्याचा मोकळा मायनस थेट मोटरला. मधला जंपरही १६ एमएमचाच. त्यातूनही तेवढेच ५६ अँपिअर जातात, हे अनेक जण विसरतात. प्लग लावण्याआधी मोटरकडच्या टोकांवर मल्टिमीटर धरा: भरलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना २५.४ च्या आसपास दिसायला हवं. १२.७ दिसलं तर पॅरलल झालंय. उणे चिन्ह दिसलं तर टोकं उलटी आहेत. तशीच मोटर जोडली तर आतला बोर्ड जळू शकतो. पाना वापरताना त्याच्या दांड्याला टेप गुंडाळा आणि हातातलं कडं काढून ठेवा.

दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या हव्यात. जुनी-नवी जोडी लावली की जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिला आणखी खाली खेचते. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) किंवा पंपासाठी यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले तरी हाच असमतोल येतो. त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवा; फाइंडरच्या पडद्यावरचा खरखराटही कमी होतो. लिथियम घेत असाल तर तिचा बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) सिरीजला चालतो का, हे आधी विचारा.

घरातला एमसीबी

घरचा एमसीबी एसीसाठी असतो. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप शून्यावर येत नाही. संपर्क उघडले तरी ती मध्ये तग धरते आणि डबी आतून जळते. ६० अँपिअरचा, किमान २४ व्होल्ट डीसी लिहिलेला मरीन ब्रेकर घ्या आणि प्लसच्या वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. तो वारंवार पडतो म्हणून १०० चा लावू नका. ब्रेकर वायर वाचवण्यासाठी असतो.

जोर कमी वाटला तर

मोटर पाण्यात ठेवून पूर्ण वेगात चालवा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरं मोटरच्या कनेक्टरच्या प्लसवर. ०.४ च्या आत दिसलं तर ठीक. एक व्होल्टच्या पुढे गेलं तर दुसरं टोक ब्रेकरच्या अलीकडे, मग पलीकडे असं सरकवत न्या. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथला सांधा खराब. मायनसची बाजूही अशीच तपासा. मोटर बंद असताना हे मोजून उपयोग नाही, कारण करंटशिवाय सडक्या सांध्यावरही गळती शून्यच दिसते.

आकडे चांगले असूनही ब्रेकर पडत असेल तर दोन गोष्टी बघा. थर्मल ब्रेकर एप्रिल-मेच्या उन्हात, बंद डब्यात, ठरल्यापेक्षा लवकर पडतो. त्याला सावली आणि हवा द्या. दुसरी पंख्याची. बॅटरीची वायर काढा, नट खोला, पंखा उतरवा आणि मागच्या सीलभोवती गुंडाळलेली गळाची तंगूस आणि जलपर्णीच्या मुळ्या काढा. तंगूस सीलमध्ये घुसली असेल तर नुसती ओढून भागत नाही. पाणी आत गेल्याची शक्यता असते, सील बदलूनच घ्या.