आवडत्या वेबसाइटची यादी करताय? इंदूरच्या मराठी वाचकांनो, या चुका टाळा

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून आलेली यादी जशीच्या तशी उतरवून घेणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. आपल्या गरजा वेगळ्या आहेत. नळाला पाणी कधी येणार, राजवाड्याजवळचा कुठला रस्ता बंद आहे, हे हिंदी दैनिकांच्या साइटवरच कळतं. सानंद या आपल्या इंदूरच्या सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाची तारीख मुंबईच्या सांस्कृतिक पुरवणीत शोधून सापडणार नाही. आणि क्रिकेट! जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. मुंबईची वृत्तपत्रं मुंबई का हरली हे लिहिणार, ते स्वाभाविकच आहे. पण यश दुबे, शुभम शर्मा आणि आपला रजत पाटीदार यांच्या शतकांबद्दल पोटभर वाचायचं तर इकडचीच पानं हवीत. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकलेल्या या शहरात यादीत तेवढी जागा राखायलाच हवी.

दुसरी चूक, वृत्तपत्राचं मुखपृष्ठ साठवणं. तिथे व्हिडिओ आणि जाहिराती ओलांडता ओलांडता वाचायचं राहून जातं. क्रीडा, संपादकीय, रविवार पुरवणी, जे खरोखर वाचता त्याच पानावर जाऊन बुकमार्क करा, म्हणजे त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये साठवा. नावही बदला. साइटने दिलेलं लांबलचक नाव ब्राउझरच्या बुकमार्क पट्टीवर अर्धंच दिसतं. ‘अग्रलेख’, ‘रणजी स्कोअर’ एवढं पुरतं. फोल्डर विषयवार करण्यापेक्षा वेळेप्रमाणे करावेत असं माझं ठाम मत आहे: चहाबरोबरचा एक, रविवारचा एक.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर मोठं शेपूट असतं. ते बहुतेकदा लिंक कुठून आली याची नोंद ठेवण्यापुरतं असतं, काढलं तरी चालतं. मात्र काही साइट लेखाचा क्रमांकच तिथे ठेवतात, म्हणून काढल्यावर पान उघडतंय ना ते आधी बघा.

जुनं पान उघडत नसेल तर बुकमार्क लगेच पुसू नका. साइटची मांडणी बदलली की पत्ते बदलतात. तोच पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका, पुष्कळदा जुनी प्रत मिळते. पान उघडलं पण मराठीऐवजी विचित्र चिन्हं दिसली, तर फोन बिघडलेला नाही. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत रुळण्याआधी दर साइटचा फॉन्ट वेगळा असे, आणि तो आपल्याकडे नसतो. पण ओळखीच्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात दिसली तर ते डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं असण्याची शक्यता मोठी. तो बुकमार्क तत्काळ काढा.

सूचना पाठवू का, असं विचारणाऱ्या प्रत्येक साइटला ‘हो’ म्हणू नका. दिवसभर फोन वाजतो. परवानगी दिली असेल तर ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन काढता येते.

फोनवरचे बुकमार्क संगणकावर दिसत नाहीत, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोन्हीकडे वेगवेगळं गूगल खातं उघडलेलं असतं किंवा सिंक, म्हणजे दोन्हीकडची यादी सारखी ठेवणारी सोय, बंद असतं. तरीही निव्वळ सिंकवर विसंबू नका, एका जागी पुसलेलं दुसऱ्या जागीही पुसलं जातं. संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की बुकमार्क मॅनेजर उघडतो. वरच्या तीन टिंबांत ‘एक्स्पोर्ट’ आहे. तयार झालेली फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा.