निराधारचा ‘पगार’ चालू असताना धंदा: सोलापुरातल्या दिव्यांगांसाठी हिशेब

संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला सोलापुरात अनुदान कुणी म्हणत नाही. त्याला ‘पगार’ म्हणतात. तो चालू असताना शेंगाचटणी, शिवणकाम किंवा झेरॉक्सचं काही काढायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, पगार बंद पडला तर? या धास्तीने कित्येक जण हात घालतच नाहीत, आणि काही जण धंदा करून तो लपवतात. नियम नीट वाचला तर दोन्हींची गरज पडत नाही.

काम करायला बंदी कुठेच नाही. अट उत्पन्नाची आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. (दिव्यांग सोडून इतर लाभार्थ्यांना हीच मर्यादा २१,००० आहे, त्यामुळे शेजारच्या विधवा बाईंना सांगितलेला आकडा तुम्हाला लागू होत नाही.) २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम महिना १,५०० वरून २,५०० झाली. मर्यादा कुटुंबाची आहे, एकट्याची नाही. नवरा चादरीच्या कारखान्यात कामाला असेल किंवा बायको विड्या वळत असेल, तर त्यांची मजुरी आधी मांडा आणि उरलेल्या जागेत तुमचा धंदा बसवा.

आणखी एक भीती सरसकट ऐकू येते: कामाला लागलो तर टक्केवारी कमी करतील. टक्केवारी डॉक्टर शरीर तपासून ठरवतात, तुमच्या कमाईवरून नाही. मात्र यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत पाहून ठेवा. मुदत उलटली की पगार अडकतो, आणि घरातले दोष धंद्याला देतात.

आता मुख्य हिशेब. उदाहरणासाठी घरात दुसरी कमाई नाही असं धरू. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६. एवढं कमावून २,५०० पगार चालू राहिला तर हातात ६,६६६ येतात. कमाई ५,००० झाली आणि पगार गेला, तर हातात पाचच हजार राहतात. म्हणजे ४,१६६ ते ६,६६६ हा पट्टा तोट्याचा आहे. इथे जास्त राबून कमी मिळतं. धंदा एक तर या पट्ट्याच्या खाली ठरवून ठेवायचा, नाहीतर एकदम वर न्यायचा. मधे रेंगाळणं सर्वांत महाग पडतं.

शेंगाचटणीवर हे मांडून बघू. भाव उदाहरणादाखल आहेत, तुमच्या पेठेतले टाका. १० किलो शेंगदाणे १३० ने १,३००, लाल तिखट ६०० ग्रॅम १८०, लसूण ६०० ग्रॅम ९०, मीठ-जिरे ५०, कांडप १५०, पाव किलोच्या ४० पिशव्या आणि लेबल १६०, रिक्षा ७०. खर्च २,००० झाला. भाजून टरफल काढल्यावर शेंगदाण्याचं वजन घटतं, पण तिखट, लसूण आणि मीठ ते भरून काढतात, म्हणून विक्रीला १० किलो धरा. दुकानदाराला २६० ने दिली तर २,६०० आले. तुमचं उत्पन्न यातले ६०० आहे, २,६०० नव्हे. महिन्याला असे सात घाणे, म्हणजे ७० किलो, झाले की ४,२०० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. पगार सोडूनही बरोबरी साधायची तर अकरा-बारा घाणे, ११० किलोच्या पुढे. दुकानदारांशी बोलताना हे दोन आकडे डोक्यात हवेत: पासष्ट किलोवर थांबायचं की सव्वाशेचं गिऱ्हाईक जमेपर्यंत तयारी करायची.

माल बिघडतो तो बहुतेक वेळा घाईने. कांडलेली चटणी गरम असते. तशीच पिशवीत भरली की आत वाफ धरते आणि बुरशी येते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. लसूण धुतलाच तर कपड्यावर कोरडा करून मगच घाला. काळे, सुरकुतलेले दाणे भाजण्याआधी निवडून फेका. बुरशीचं विष त्यांतच असतं आणि ते भाजून जात नाही. मिक्सरला भुगा होतो, कांडपासारखं तेल सुटत नाही. पारदर्शक पिशवी दुकानात उन्हात टांगली की चटणी खवट होते. घरगुती प्रमाणावरही अन्नसुरक्षा नोंदणी लागतेच, आणि तो क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि वजन लेबलवर हवं.

इतर कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम नोंदणी आधारवर आणि मोफत होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. मोजकेच कामगार असले तर दुकान कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही.

बँक खात्याकडे मात्र फार लक्ष द्या. धंद्याचे यूपीआयचे पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नका. सगळी विक्री तिथे दिसली की उत्पन्न जास्त असल्याचा समज होतो आणि खर्च सिद्ध करत बसावं लागतं. वेगळं खातं काढा, पण काढताना ‘आधार लिंक करू का?’ या प्रश्नाला विचार न करता हो म्हणू नका. सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे शेवटी ज्या खात्याशी आधार जोडलं त्याच खात्यात जातात. त्यामुळे पगार अचानक ‘गायब’ होतो. तहसीलला दोन-तीन फेऱ्या झाल्यावर कळतं की तो नव्या खात्यात पडून आहे. नव्या खात्याला आधार ओळखपत्र म्हणून द्या, अनुदानासाठीची जोडणी नको, असं बँकेत स्पष्ट सांगा.

एक शंभर पानी वही घाला: तारीख, खरेदी, विक्री, उधारी. बिलं त्यातच टाचा. दर वर्षीच्या उत्पन्न दाखल्याच्या वेळी तलाठ्यापुढे तीच वही ठेवायची. कर्जाचा हप्ता लिहिताना व्याज आणि मुद्दल वेगळं लिहा. व्याज खर्चात धरतात, मुद्दल नाही. महिन्याला २,००० मुद्दल फेडणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, तरी कागदावर उत्पन्न २,००० ने जास्त दिसतं. म्हणूनच पगार टिकवायचा असेल तर पहिल्या वर्षी मोठं कर्ज नकोच, असं आमचं मत आहे.

भांडवलाला आधी बीजभांडवल योजना बघा: दीड लाखापर्यंतच्या धंद्याला ८० टक्के बँक कर्ज, २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अनुदान. चौकशी जिल्हा परिषदेत करा. महापालिका आणि ग्रामपंचायतींनाही ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. शिलाई मशीनसारख्या वस्तूसाठी तिथे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांगांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं. पण ते हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. कर्ज पास व्हावं म्हणून फुगवलेलं आयकर विवरण भरायला कुणी सांगेल, ते ऐकू नका. तेच विवरण पुढे तुमच्या उत्पन्न दाखल्याविरुद्ध उभं राहील.

कामगार विम्याचे (ईएसआयचे) पैसे घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. आजारपणाचा लाभ रोजच्या मजुरीच्या ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ मागता येत नाही. या काळात दुकानात बसू नका, फार तर कागदपत्रं जमवा. पण कारखान्यात यंत्रमागावर बोटं गेली आणि कायम अपंगत्वाचा लाभ मंजूर झाला असेल, तर तो आयुष्यभराचा आहे. धंदा केला म्हणून तो थांबत नाही.

मर्यादा वर्षाची आहे, हे सणासुदीला विसरू नका. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत एका महिन्यात १२,००० सुटले म्हणून घाबरू नका. एप्रिल ते मार्च सगळं मिळून बघा. बेरीज ५०,००० च्या वर जाणार हे दिसू लागलं, तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत लेखी कळवा आणि शिक्क्याची पोच जपून ठेवा. न कळवता घेतलेल्या पैशाची वसुली निघू शकते. पुढे धंदा बुडाला तर नव्या उत्पन्न दाखल्यासह पुन्हा अर्ज करता येतो, आणि त्या वेळी ही पोच आणि वही दोन्ही उपयोगी पडतात.