घरभर गाणी लावताय? मग या चुका टाळा

होम ऑटोमेशनच्या डॅशबोर्डवर बटण दाबलं, स्क्रीनवर गाण्याचं नाव पण आलं, सेकंद पुढं सरकायलेत, आणि हॉलमधला स्पीकर गप्प. किंवा बरोबर उलटं, स्पीकर मस्त वाजायलाय आणि ॲपमध्ये तो 'अनअव्हेलेबल'. दोन्हीला लोकं एकच औषध देतात, राउटर बंद करून चालू करा, आणि दोन दिवसांनी परत तेच. भावांनो, सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

घरातल्या नेटवर्कवर गाणी लावता तेव्हा दोन वाटा असतात. एक निरोपाची वाट, म्हणजे वाज, थांब, आवाज कमी कर, पुढचं लाव हे स्पीकरपर्यंत जाणं. दुसरी गाण्याची वाट, म्हणजे खरा ऑडिओ स्पीकरपर्यंत येणं. ब्लूटूथवर दोन्ही फोनमधूनच जातात म्हणून आपल्याला फरक कळत नाही, पण क्रोमकास्टसारख्या (टीव्ही-स्पीकरला जोडायचं गूगलचं छोटं डिव्हाइस) गोष्टीत बऱ्याचदा फोन फक्त निरोप देतो आणि गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून किंवा घरातल्या सर्व्हरवरून ओढतो. म्हणून बिघाड आला की आधी एवढंच बघा की कुठली वाट तुटली आहे. स्पीकरच्या स्वतःच्या ॲपवरून गाणं लावा, वाजलं तर गाण्याची वाट ठीक आहे आणि गडबड तुमच्या ऑटोमेशन सर्व्हरकडे (घरातली उपकरणं नियमानं चालवणारं होम असिस्टंटसारखं सॉफ्टवेअर) किंवा निरोपात आहे. तिथनंही वाजत नसेल तर होम असिस्टंटच्या सेटिंग उलट्यापालट्या करण्यात रात्र घालवू नका.

एका घरात दोन नेटवर्क

हे आपल्याकडं लय घरात आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फायबरवाला येतो, दाराजवळ त्याचा डबा लावून जातो, त्यात वायफाय असतंच. मग रेंज मागच्या खोलीत येत नाही म्हणून आपण दुकानातनं अजून एक राउटर आणतो आणि केबल त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या) लावतो. झालं, आता घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली, फोन एकावर आणि स्पीकर दुसऱ्यावर, इंटरनेट दोन्हीकडं चालतंय म्हणून शंका येत नाही, पण फोनला स्पीकर दिसत नाही.

ओळखायचं कसं तर फोनचा आणि स्पीकरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघा. एक १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर शंभरात नव्व्याण्णव वेळा हीच भानगड. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देतो. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याला मोकळा आयपी द्या आणि केबल वॅन सोडून लॅन पोर्टला लावा. गेस्ट वायफायवर स्पीकर जोडला असेल तर तो पण काढा, गेस्ट नेटवर्कमध्ये बहुतेक वेळा एका डिव्हाइसला दुसरं दिसूच नये अशी सोय असते. मेन वायफायमध्ये सुद्धा काही राउटरला 'एपी आयसोलेशन' नावाचं सेटिंग असतंय, ते चालू असेल तर बंद करा.

स्पीकर सापडणं हे मल्टिकास्टवर चालतं, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना एकदम मारलेली हाक. अशा हाकेची एक पद्धत एमडीएनएस, ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर पोर्ट ५३५३ वापरते, दुसरी एसएसडीपी, जिच्यावर डीएलएनए (घरातल्या डिव्हाइसवर गाणी-व्हिडिओ पाठवायची जुनी पद्धत) वगैरे चालतात, ती २३९.२५५.२५५.२५० वर पोर्ट १९००. या हाका एका नेटवर्कच्या बाहेर आपणहून जात नाहीत, म्हणून होम असिस्टंट डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) टाकला असेल तर त्याला होस्ट नेटवर्क, म्हणजे मूळ कॉम्प्युटरचंच नेटवर्क द्या, नाहीतर तो कंटेनरच्या आतच हाका मारत बसतो आणि बाहेरचा एकही स्पीकर त्याला सापडत नाही.

इंटरनेटचा प्लॅन वाढवणं

गाणं तुटक वाजायला लागलं की लोकं १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करतात. थोडा हिशोब करा. सीडीच्या दर्जाचा ऑडिओ काहीही कॉम्प्रेस न करता पाठवला तरी १४११ केबीपीएस लागतात, म्हणजे दीड एमबीपीएस सुद्धा नाही. चार खोल्यांत चार वेगळी गाणी लावली तरी सहाच्या आत. आणि गाणी घरातल्या सर्व्हरवर असतील तर त्यात इंटरनेटचा संबंधच येत नाही.

अडचण वायफायची असते. आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती असतात, तिथं ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत जाईपर्यंतच दमतं. राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये उलटा त्रास, भिंती पातळ पण शेजारपाजारचे राउटर सगळे २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर. तिथं चॅनल ऑटोवर सोडू नका, १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत, त्यातलं जे रिकामं असेल ते घ्या. आणि जो स्पीकर किंवा रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) जागचा हलणार नाही त्याला सरळ लॅनची केबल ओढा. वायर दिसते म्हणून घरचे कुरकुर करतील, पट्टीतनं घ्या, पण ओढा.

सगळ्यात आधी फॅक्टरी रीसेट मारणं

कृपा करून हे करू नका. ९ मार्च २०२५ ला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ अचानक चालायचे बंद झाले. कारण होतं मुदत संपलेलं सर्टिफिकेट (डिव्हाइस खरं आहे हे पटवणारा डिजिटल दाखला), म्हणजे घरातल्या वायफायचा किंवा डिव्हाइसचा काही दोष नव्हता. पण ज्यांनी घाईनं रीसेट मारला त्यांचं डिव्हाइस परत सेटअपच होईना, आणि गूगलनं स्वतः सांगितलं की रीसेट करू नका. काही दिवसांत दुरुस्ती आली तेव्हा ज्यांनी हात लावला नव्हता त्यांचं बहुतेक आपोआप सुरू झालं. क्रोमकास्ट ऑडिओ तर २०१९ पासून बनतच नाही, म्हणजे असलेला जपायला हवा.

लाईट जाते हे गृहीत न धरणं

लाईट परत आली की सगळं एकदम उठतं आणि राउटरला यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तोपर्यंत सर्व्हर उठून बसलेला असतो, नेटवर्कवरची हार्डडिस्क अजून जोडली गेलेली नसते, आणि नेमकं तेव्हाच लायब्ररी स्कॅन लागलं तर सर्व्हरला वाटतं की गाणी गेलीच. ॲप उघडलं तर सगळं रिकामं. घाबरू नका, डिस्क जोडली गेली आहे का बघा आणि परत स्कॅन मारा. कायमचा उपाय म्हणजे चालू होताना स्कॅन करणं बंद ठेवा आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा.

लाईट गेल्यावर डीएचसीपी नवा आयपी देऊ शकतो, तेव्हा प्रत्येक स्पीकरचा आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह करून टाका. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, घरातला जुना मोबाईल चार्जर लावला की व्होल्टेज पडतं, स्क्रीन जोडली तर कोपऱ्यात विजेची खूण दिसते, आणि आवाजात मधेच खरखर किंवा खंड येतो. धाडकन लाईट जाऊन एसडी कार्ड खराब होणं हे पण नेहमीचं, बॅकअप दुसरीकडं ठेवा.

ऑटोमेशन लिहिताना

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. हे गाव गाणं ऐकणाऱ्यांचं आहे, १८८३ पासूनची देवल क्लब ही संगीतसंस्था इथं आहे, जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात इथं होते, आणि आजही अशी घरं आहेत जिथं माणूस एकच राग तासभर डोळे मिटून ऐकतो. अशा घरात हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर 'दहा मिनिटं कोणी नाही तर संगीत बंद' हा नियम टाकला की काय होतं? काका खुर्चीत स्थिर बसलेत, विलंबित ख्याल रंगायलाय, सेन्सरला हालचाल दिसत नाही, आणि बरोबर समेच्या अलीकडं आवाज तुटतो. तो माणूस परत त्या सिस्टिमला हात लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. हा साधा पीआयआर सेन्सर हालचाल बघतो, माणूस नाही. संगीत चालू असताना तो नियम बंदच ठेवा, किंवा बसलेला माणूस ओळखणारा एमएमवेव्ह (रडारवर चालणारा) सेन्सर लावा.

तसंच, दोन गाण्यांच्या मधे काही प्लेयर क्षणभर 'आयडल' (काही वाजत नाही) दाखवतात. त्यावर ॲम्प्लिफायरचा स्मार्ट प्लग बंद करायचा नियम असेल तर प्रत्येक गाण्यानंतर ॲम्प ठक्क करून बंद. नियमात 'दहा मिनिटं आयडल राहिला तर' असं घाला. चालू करताना आधी ॲम्प, मग पाच-सहा सेकंद थांबा, मग आवाजाची पातळी, आणि सगळ्यात शेवटी गाणं. पातळी गाण्याच्या नंतर सेट केली तर पहाटे पाचला रात्रीच्या पार्टीचा आवाज घुमतो. होम असिस्टंटमध्ये व्हॉल्यूम सेट करताना आकडा ० ते १ मधे द्यायचा असतो, ३० टक्के म्हणजे ०.३, तिथं ३० लिहू नका.

दाराची बेल वाजली की क्रोमकास्टवर बोलून सांगायची सोय करता आणि नुसता 'टिंग' येऊन पुढं शांतता, तर पत्ता तपासा. क्रोमकास्ट घरातला डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) न विचारता गूगलचाच वापरतो, त्यामुळं 'लोकल' ने संपणारं नाव त्याला कळत नाही. होम असिस्टंटच्या इंटर्नल यूआरएलमध्ये सरळ आयपी टाका, आणि स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट लावू नका, ते पण तो मान्य करत नाही.

सगळ्या खोल्यांत एकच गाणं हवं असेल तर स्पीकर एका घराण्याचे घ्या. एक क्रोमकास्टवाला, एक ॲपलच्या एअरप्लेवाला, एक डीएलएनएवाला अशी खिचडी केली तर प्रत्येकाचा बफर वेगळा, स्वयंपाकघरात तबला पुढं आणि हॉलमध्ये मागं. सगळीकडं स्नॅपकास्ट (सगळ्या खोल्यांत एकाच तालात गाणं वाजवणारं सॉफ्टवेअर) किंवा सगळीकडं लिरियन सर्व्हर आणि त्याचा स्क्वीझलाइट प्लेयर असं एकच ठरवा. लिरियन म्हणजे जुना लॉजिटेक मीडिया सर्व्हर. कंपनीनं त्याचे स्क्वीझबॉक्स नावाचे प्लेयर २०१२ मध्ये बंद केले, त्यांची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये गेली, तरी सर्व्हर ओपन सोर्स असल्यामुळं ते डबे आजही वाजतात. मी तरी नवीन माणसाला लिरियनच सुचवतो.

टॅग न लावता गाणी ओतणं

टॅग म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची माहिती. त्यात कलाकाराचं नाव तीन स्पेलिंगनी असेल तर सर्व्हरला ते तीन कलाकार वाटतात. जयपूर गायकीत जोडराग (दोन राग मिळून झालेले) भरपूर, बसंती केदार एकीकडं बसंतमध्ये आणि एकीकडं केदारमध्ये पडला की शोधताना हाती लागत नाही. रागाचं पूर्ण नाव शीर्षकाच्या सुरुवातीला, एकाच लिपीत, एकाच पद्धतीनं लिहा. आणि रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय) लावून घ्या, नाहीतर तीन मिनिटांच्या जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या बारीक आवाजासाठी व्हॉल्यूम वाढवलेला असतो आणि मागून नवीन रेकॉर्डिंग येऊन कानठळ्या बसतात.

फोनशिवाय संगीत थांबवता येत नसेल तर ते पण आजच दुरुस्त करा. आजीच्या खुर्चीजवळ एक झिगबी (वायरलेस) बटण चिकटवा, एकदा दाबलं की थांब किंवा चालू, दोनदा दाबलं की पुढचं, धरून ठेवलं की आवाज कमी. आणि ॲम्पचा जुना रिमोट, बॅटरी बदलून, तिथंच शेजारी.