रात्री घर पेटलं तर सगळ्यांना बाहेर काढायची तयारी

आगीत माणूस ज्वाळेच्या आधी धुरानं बेशुद्ध पडतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळं झोपलेल्याला जाग येईलच असं नाही. आणि जाग आली, तरी बाहेर पडायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात.

आपल्याकडं या मिनिटांचा घात करतं ते चॅनल गेटचं कुलूप. किल्ली कुणाच्या तरी उशाखाली, तीही जुडग्यात. त्या कुलपाची एकच किल्ली वेगळ्या दोरीत ओवा. ती गेटच्या आत, बाहेरून हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर, दहा वर्षांच्या पोरालाही काढता येईल अशा उंचीवर खिळ्याला टांगा. रोज तिथंच.

झोपायच्या प्रत्येक खोलीत खिडकीची एक जाळी उघडणारी करून घ्या. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच जागा, बिजागरी आणि आतून कडी. वेल्डरचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. रंग दिला की कडी चिकटते आणि पावसाळ्यात गंजते, म्हणून अधूनमधून उघडून तेल सोडा.

भाव वाढायची वाट बघत कापूस बैठकीत छतापर्यंत भरला जातो, म्हणजे नेमका बाहेरच्या वाटेवर. तो मागच्या खोलीत, बोर्ड आणि वायरींपासून लांब ठेवा. दारापर्यंत तीन फूट वाट मोकळी हवी. पेटलेला कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो आणि काही तासांनी पुन्हा भडकतो. तो विझवत आत थांबू नका. इलेक्ट्रिक स्कूटरही रात्री दारापाशी चार्जिंगला लावू नये.

माळवदाच्या घरात तुळया-सरं जळाली की वरची माती एकदम खाली येते. पाणी ओतायला माळवदावर कुणाला चढवू नका. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी शिडी वरच आडवी ठेवा, कारण धूर जिन्यानंच वर चढतो.

आता सराव. दिवे घालवून, घड्याळ लावून. आजीला कोण उठवणार, तान्ह्या बाळाला कोण घेणार, हे नावानिशी ठरवा. धुरात गुडघ्यांवर, भिंतीला हात लावून सरका. बंद दार हाताच्या पालथ्या बाजूनं तपासा. गरम लागलं तर उघडू नका, खिडकी गाठा. खोलीतून निघताना आपल्यामागं दार ओढून घ्या. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर कुठं अडलं ते शोधून पुन्हा करा.

जमायची जागा एकच: पार किंवा समोरचा लिंब, पण कडब्याच्या गंजीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर. तिथं माणसं मोजा, मग 101 किंवा 112 लावा. तालुक्याच्या नगरपरिषदेचा आणि जवळच्या साखर कारखान्याचा बंब कुठल्या नंबरवर मिळतो तेही फोनमध्ये हवं. गोठ्यातली जनावरं सुरगाठीनं बांधा, म्हणजे एका ओढीत सुटतात.

कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद काही नको.

दागिने, पासबुक, कापसाचे पैसे यांसाठी कुणीही परत आत जायचं नाही. कागदांच्या झेरॉक्स आजच पाहुण्यांकडं ठेवा. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात आला की वाटा बदलतात. सराव तेव्हा परत घ्या.