हात मागे नेऊ नका: उलटा खांदा बसवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

नऊवारीचा काष्टा खोचताना हात कसा जातो ते आठवून बघा. कोपर मागे, दंड अंगाला चिकटलेला, तळहात पाठीकडे. उलटा खांदा, म्हणजे उलट रचनेचा कृत्रिम सांधा, बसवल्यावर पहिले तीन महिने नेमकी हीच हालचाल धोक्याची, कारण या अवस्थेत नवा सांधा निखळू शकतो. माझ्या आत्याचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी पहाटे ती कुणाला न उठवता एकटीच काष्टा घालायला निघाली होती. सुनेनं वेळेवर हात धरला म्हणून बरं.

आधी हा 'उलटा' काय प्रकार आहे ते समजून घ्या. आपल्या खांद्यात दंडाच्या हाडाचं डोकं म्हणजे गोळा आणि फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, उथळ वाटी. गोळा वाटीत धरून ठेवायचं काम चार स्नायूंचं. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हा कफ फाटून आखडला की हात उचलताना गोळा वर सरकतो आणि हात उठतच नाही. तिथे साधा कृत्रिम सांधा बसवून भागत नाही, कारण त्याला धरून ठेवणारं कुणी उरलेलं नसतं. फ्रान्सचे सर्जन पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये जागाच बदलल्या: गोळा फऱ्यावर बसवला आणि वाटी दंडाच्या हाडावर. त्यामुळे खांद्यावरच्या मोठ्या डेल्टॉइड स्नायूला जोर लावायला जास्त पल्ला मिळतो. आखूड पान्यानं न हलणारा नट लांब पान्यानं सुटतो, तसंच. म्हणून डेल्टॉइड आणि त्याची नस शाबूत असणं ही पहिली अट. कफ गेलेल्या, सांधा झिजलेल्या किंवा पडून खांद्याचा चुरा झालेल्या वयस्कर माणसांसाठी हे ऑपरेशन मुख्यतः करतात. नुसता खांदा दुखतो म्हणून करायचं हे काम नव्हे.

तारीख ठरवण्याआधी

फ्रॅक्चर असेल तर थांबता येत नाही. नसेल तर सुगी आटोपल्यावरची तारीख घ्या. घरची माणसं मोकळी असतात आणि अंगण कोरडं असतं. खानापूरच्या पावसात शेवाळलेल्या पायरीवर घसरून त्याच खांद्यावर पडणं परवडणारं नाही.

साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. किडलेला दात आधी दाखवून घ्या. काखेत पुरळ, फोड असेल तर सांगा आणि घरी ब्लेडनं केस काढू नका. बारीक कापलेल्या जागेतून जंतू शिरतात. आणि तंबाखू. निपाणीच्या बाजूच्या माणसाला हे सांगणं अवघड, पण तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आत्या म्हणाली, "मी कुठं तंबाखू खाते?" दिवसातून तीनदा मिश्री लावायची! मिश्री म्हणजे तंबाखूच.

खर्चाचं अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात इम्प्लांटची, म्हणजे बसवायच्या सांध्याची, किंमत वेगळी लिहून मागा. सरकारनं २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा घातली ती गुडघ्याच्या सांध्यापुरती. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे, आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना जाहीर केली. पण नेमकं हे ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसतं का, हे भरती व्हायच्या आधी काउंटरवर विचारा. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत अर्थ ऐकल्याशिवाय सही करू नका.

घर आधी बदला

याकडे सगळे दुर्लक्ष करतात. मला विचाराल तर अर्धं यश इथेच आहे.

संडासचा प्रश्न लाजायचा नाही. धुवायला मागे जाणारा हात आणि उकिडव्यानं उठताना जमिनीवर टेकणारा हात, दोन्ही वाईट. कमोड नसेल तर खाली भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवा. डावा खांदा असेल तर काही महिने उजव्या हातानं धुवावं लागेल. जेवायचा हात म्हणून जुनी माणसं नाक मुरडतात. पण साबण कशासाठी आहे? ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीपासून दुसऱ्या हाताची सवय लावा: धुणं, जेवण, दात घासणं, विंचरणं.

बसायला पाट, चटई नको. उंच, हाताची खुर्ची घ्या, पण उठताना दुखऱ्या हातानं रेटा द्यायचा नाही. पुढे बटणं असलेले सैल ब्लाउज शिवून घ्या. पुरुषांनी पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढून टाकावं, हात सवयीनं तिकडेच जातो.

ऑपरेशन आणि पहिले सहा आठवडे

पूर्ण भूल देतात, बहुधा मानेजवळ नस बधिर करण्याचं इंजेक्शनही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत हात लाकडासारखा वाटू शकतो. घाबरू नका. साधारण दोन तासांचं काम, दोन-तीन दिवसांत घरी.

पुढे चार ते सहा आठवडे झोळी. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. खांदा कधी हलवायचा ते सर्जन सांगेल तेव्हाच. झोपताना पाठ टेकून अर्धवट बसल्यासारखं झोपा आणि कोपराखाली उशी घ्या. खूण सोपी: पडल्या पडल्या आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर हात मागे गेलाय. कपडा घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. काख धुवायला पुढे वाका आणि हात सोंडेसारखा लोंबू द्या. उचलायचा तर चहाचा कप, त्याहून जड काही नाही.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास फिजिओथेरपी वाढते, ताकदीचे व्यायाम बाराव्या आठवड्यानंतर. फिजिओ कन्नड बोलणारा असेल तर तीन शब्द पुरतात: 'नोवु' म्हणजे दुखतंय, 'निधान' म्हणजे सावकाश, 'साकु' म्हणजे पुरे. कळ आली तर 'साकु' म्हणायला संकोच करू नका. हाडवैद्याकडून तेल लावून हात ओढून घेणं मात्र पूर्ण बंद.

ताप, जखमेतून पाणी, वाढती लाली. अचानक कळ येऊन खांद्याचा आकार बदलणं. पोटरी सुजणं, धाप लागणं. यातलं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा. काही महिन्यांनी खांद्याच्या टोकावर नव्यानं दुखू लागलं तरी दाखवा, तिथलं हाड कधी कधी तडकतं.

पुढे काय

सुधारणा सहा महिने ते वर्षभर होत राहते. हात डोक्यापर्यंत जातो, वेणी घालता येते. पाठीमागे मात्र पूर्वीसारखा जात नाही, हे आधीच मान्य करा. दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त सांधे टिकलेले आढळतात. आपलाही टिकावा म्हणून गवताचा भारा आणि भरलेली घागर आता दुसऱ्यानं उचलावी. भाकरी थापायची घाई नको. आत्याला चौथ्या महिन्यात परवानगी मिळाली, तीही पीठ सुनेनं मळून दिल्यावर. स्कूटर आणि बसची वरची दांडी धरून उभं राहणं, दोन्ही सर्जनला विचारूनच.

इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेवा. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला ते आधी दाखवा. बेळगावच्या सांबरा विमानतळावर तपासणीत यंत्र वाजलं तरी तेच दाखवायचं. तिथले लोक हात वर करायला सांगतील, आणि तेवढं आता जमतं.